त्सारिनेचं फाटक

आमच्या ब्रेबेना गावाच्या वरच्या धारेवर एक फाटक उभं आहे आणि त्याला कुंपण नाही. उजवीकडे गवत, डावीकडे गवत, मधे फाटक. ओकचे दोन जाडजूड खांब, त्यांच्यावर लाकडी कौलांचं बुटकं छप्पर, आणि एका खांबावर फिरणारं लांबलचक कवाड. कवाड म्हणजे एक अख्खं झाडच आडवं घातलेलं. निमुळत्या बाजूला पट्ट्या ठोकून जाळी केलेली, आणि बुडखा मुळांच्या गड्ड्यासकट खांबाच्या मागे तसाच सोडलेला, तोल धरायला. त्या बुडख्याच्या जोरावर लहान पोरगीसुद्धा ते कवाड हलवू शकते, आणि सोडलं की ते आपलं आपण, कुरकुरत, मिटतं.

मिटून कशाला अडवतं, हे मात्र कुणी सांगू शकत नव्हतं.

गुरं त्याला पाठ घासतात. मेंढ्या छपराच्या सावलीत रवंथ करतात. शहाणी माणसं बाजूच्या गवतातून निघून जातात. आलुबुखाराची दारू पोटात गेली की आमचे पुरुष मात्र नेमके फाटकातूनच जातात, जाताना टोपी काढतात आणि पलीकडे गेल्यावर देवळात आल्यासारखे गप्प होतात.

त्याला सगळे त्सारिनेचं फाटक म्हणतात. जुन्या माणसांच्या तोंडी त्सारिना म्हणजे कुंपणातलं, नांगराखालचं रान. पण सरकारने सगळ्यांची रानं एक करून सहकारी शेती केली, त्या दिवसांत बांध मोडले, कुंपणं जळणात गेली, सगळ्या रानांना नुसते नंबर पडले, आणि रानामागोमाग तो शब्दही गेला. त्यानंतर जन्मलेल्यांना त्सारिना एकच ठाऊक, रशियाची राणी, शाळेच्या पुस्तकातली, केसांत मोती माळलेली. मग पोरांनी म्हणायला सुरुवात केली, की राणी इथून गेली होती, तिच्यासाठी बांधलंय. आधी थट्टेत, मग अर्धवट थट्टेत. मग आमच्या सरपंचाने, सिमियोनने, खाली रस्त्याला एक पाटी लावली. तिच्यावर मुकुट काढलेला होता, आणि बाण वर धारेकडे.

म्हाताऱ्या ओदोकियाला तो शब्द पाठ होता. ती त्या शब्दातच वाढली होती. फाटकाच्या वरच्या अंगाला गावातल्या प्रत्येक घराची एकेक पट्टी असे, गव्हाची, ओटची, मक्याची, आणि फाटकाला लागून पहिली पट्टी तिच्या बापाची. वसंतात, संत गेओर्गेच्या सणाला, गुरं बाहेर काढून फाटक मिटत. पीक घरात येईपर्यंत ते मिटलेलंच. येणाऱ्याने उघडायचं, जाणाऱ्याने मागे वळून बघायचं, लागलं की नाही. मिटायच्या दिवशी पोरी गोल धरून म्हणत:

मीट गं दाराबाई, मीट आपुले ओठ
आत गव्हाचं कोवळं, बाहेर भुकेलं पोट

हे ओदोकिया अजून गुणगुणे, कोंबड्यांना दाणे टाकताना, कपडे वाळत घालताना. ऐकायला कोंबड्याच असत. नवरा गेला होता. जमिनी परत वाटल्या त्या वर्षी तो जिल्ह्याच्या इस्पितळात शेवटचे श्वास ओढत होता आणि ती त्याच्या उशाशी बसली होती. ती काळा रुमाल बांधून परत आली तेव्हा खालची, रस्त्याकाठची सपाट जमीन वाटून संपली होती. बाकीच्यांनी वरच्या पट्ट्यांची आठवणही न काढता ती आनंदाने घेतली होती. कोण चढणार धारेवर? ओदोकिया म्हणाली, मग मला वरची द्या. बापाची होती, तीच द्या.

जमिनी वाटणारी समिती म्हणाली, वर कधी पेरत नसत. वर गायरान होतं. गायरान गावाचं, एकाचं नाही.

आणि गायरानावर सिमियोन शहरातल्या कुणाला तरी अतिथिगृह बांधू देणार होता. राणीच्या फाटकाशी. पाटी उगाच लागली नव्हती.

ओदोकियाची मुलगी वारवारा इटलीत होती, बोलोन्याजवळच्या एका गावात. दुसऱ्यांच्या म्हाताऱ्या आयांना ती आंघोळ घाली, भरवी, कूस बदलून देई. दर रविवारी फोन करी. एकदा ती सहज म्हणाली होती, "रान मिळालं ना आई, तर मी येईन. मेंढ्या घेऊ, चीज करू. इथे तरी मी काय करते?" तेव्हापासून ओदोकिया त्या वाक्यावर जगत होती. रोज सकाळी ते बाहेर काढी, झटके, उन्हाला घाली, संध्याकाळी घडी करून आत ठेवी.

देवळाबाहेर तिने सिमियोनला गाठलं.

"सिमियोन, बाळा, जरा थांब. पळू नकोस, मी चावत नाही. दात उरलेत कुठे?"

"लेलिका, मी कुठे पळतोय?" तो हसला. आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला लेलिका म्हणतात, आणि सिमियोन ते असं म्हणे की त्यात साखरही असे आणि कंटाळाही. "मी काय तुमच्या विरुद्ध आहे का? मी गावाच्या बाजूचा."

"आणि मी कुठल्या बाजूची रे? नदीच्या?"

"पुरावा आणा, लेलिका. समितीला पुरावा हवा."

"पुरावा वर उभा आहे. डोळे असले तर दिसेल. नांगराचं रान नसतं तर फाटक कशाला केलं असतं? चिमण्या अडवायला?"

"राणीसाठी," मागून कुणीतरी म्हणालं, आणि देवळाच्या पायऱ्यांवर सगळे हसले.

ओदोकियाही हसली. "राणी आली होती तर मग तुझ्या आजीने तिला कांदा दिला असेल, सिमियोन. त्या घरातून त्याच्यापेक्षा जास्त कुणाला काही मिळालेलं मी ऐकलं नाही."

तरी पुराव्याची गोष्ट तिने सोडली नाही. तिच्या वयाची गावात दोनच माणसं उरली होती. एक पारास्किवा, तिला आता स्वतःचं नावही सांगावं लागे. दुसरा तोआदेर. आणि तोआदेर तर फाटकाचाच होता म्हणायला हरकत नाही. त्याचा बाप त्या रानाचा राखणदार. फाटकाशेजारी त्याची फांद्यांची झोपडी होती, आणि कुणाची गाय आत शिरली की तो तिला धरून ठेवी, धनी येऊन माफी मागेपर्यंत.

तोआदेर अंगणात बसून लाकडाची कौलं तासत होता. ओदोकिया अंगणाचं दार लोटून आत आली तशी त्याने कुऱ्हाड बाजूला ठेवली.

"आली बघा. तुझ्या बापाच्या गाईने माझ्या बापाचे गुडघे झिजवले, आता तू माझे झिजवणार."

"तुझे झिजायला तू कधी उभा राहतोस? जन्मभर बुडाखाली ओंडका घेऊन बसलास."

"बस की मग तूही. ओंडके भरपूर आहेत." त्याने दोन पेले काढले. आलुबुखाराची, गेल्या शरदातली, पिवळसर. दोघांनी पेले टेकवले. मग ती म्हणाली, "तोआदेर, संग्रहालयातून एक बाई येणार आहे. फाटक कसलं ते बघायला. समितीही वर येणार. तू सांगशील?"

"काय सांगू?"

"जे होतं ते. आत गहू होता, बाहेर गुरं होती, आणि तुझा बाप मधे."

तोआदेरने पेला तळापर्यंत रिकामा केला. "सांगेन की," तो म्हणाला. "त्यात काय."

ती घरी आली आणि त्या संध्याकाळी तिने खिडकीच्या चौकटीला रंग दिला. निळा. वारवाराच्या खोलीच्या.

संग्रहालयातली बाई आली ती चिखलाने भरलेले बूट घालून, गळ्यात दोरीला विजेरी लटकवून. नाव सांदा. वय काही फार नव्हतं, पण जुन्या लाकडाला हात लावताना तिचा हात थांबत थांबत जाई, आजारी माणसाचं कपाळ बघतात तसा. आम्ही बरेच जण वर गेलो होतो. समिती होती, सिमियोन होता, काही जण नुसते बघायला. गवत गुडघ्याएवढं आलं होतं आणि त्यात पिवळी फुलं. ओदोकियाने सणाचा रुमाल बांधला होता, बारीक गुलाबांचा. तोआदेर जरा लांब, टोपी हातात घेऊन उभा होता.

सिमियोनने घसा साफ केला. "बाई, आमच्याकडे असं सांगतात, की राणीची बग्गी इथून..."

"बग्गी?" सांदाने कवाडाखालून डोकं वर काढलं. ती गवतात चक्क आडवी झाली होती, खांबाचं खालचं टोक बघत. "या फाटकातून? मग चाकं बाहेर काढून ठेवली असतील आणि राणीला दोघांनी उचलून नेलं असेल."

सगळे हसले. सिमियोनही हसला. सरपंच व्हायला ते यावं लागतं.

"राणीबिणी कुणी नाही," सांदा उठून हात झटकत म्हणाली. "त्सारिना म्हणजे पेरलेलं रान. हा शब्द तुमच्याच गावचा आहे, तुमच्याचकडून पुस्तकात गेलाय, आणि तुम्ही त्याला मुकुट घातलात. हे पेरणीच्या रानाचं फाटक आहे. बुडखा बघा, तोल बघा, खांब किंचित कलता बसवलाय ते बघा. का? तर उघडलेलं कवाड आपोआप मिटावं. ओझं घेतलेल्या बाईचे दोन्ही हात अडकलेले असतात, ती मागे वळून दार लावू शकत नाही. राणीसाठी कुणी असा विचार करत नाही हो. तिचं दार लावायला माणसं असतात."

ओदोकियाने छातीवर क्रूसाची खूण केली. मग दुसऱ्यांदा केली. तिने वळून आमच्याकडे बघितलं, एकेकाच्या तोंडाकडे, आणि तिचा चेहरा असा झाला होता की आम्हाला तिच्या लग्नाचा दिवस आठवला.

"ऐकलंस, सिमियोन?" ती म्हणाली. "पेरणीचं रान!"

"ऐकलं, लेलिका."

"मग लिहा आता. कोण लिहितंय? लिही की रे!"

"एक मिनिट, मावशी," सांदा म्हणाली. तिचा आवाज मऊ झाला, आणि तो मऊ झाला तेव्हाच खरं तर आम्हाला कळायला हवं होतं. "रान होतं, ते नक्की. पण कुठल्या अंगाला होतं, तेही बघावं लागतं. आता दोन्हीकडे गवतच आहे."

"वरच्या अंगाला! दुसरं कुठलं?"

"थांबा, दाखवते." तिने कवाड हाताने ओढलं. ते खालच्या बाजूला, गावाकडे, हललं नाही. खांबाच्या त्या अंगाला एक जाड लाकूड ठोकलेलं होतं, त्याला टेकून ते अडलं. मग तिने ढकललं, वर, धारेच्या दिशेला, आणि ते लोण्यासारखं उघडलं. सोडलं, तशी कुरकुर करत परत आलं आणि त्या लाकडाला टेकलं. "गाय काय करते? डोकं लावून ढकलते. ओढणं तिला येत नाही. म्हणून हे टेकण नेहमी पिकाच्या अंगाला ठोकतात. गाय जेवढी ढकलेल तेवढं कवाड टेकणाला घट्ट बसतं. इथे टेकण खालच्या अंगाला आहे. म्हणजे पीक खाली होतं, गावाच्या बाजूला. आणि गुरं वर."

वाऱ्याने गवत एका बाजूला लोळवलं.

"म्हणजे वर गायरान," समितीतला एक जण हळूच म्हणाला. उगाच बोलल्यासारखं वाटून त्याने रुमालाने मान पुसली.

"नाही," ओदोकिया म्हणाली. "असं नाही. असं उघडत नाही हे. थांबा, मी दाखवते."

ती फाटकाला वळसा घालून वरच्या अंगाला गेली. तिथून ती खाली आली, पाठीवर भारा असल्यासारखी कमरेत वाकून, दोन्ही हात खांद्यांवर नेऊन, अदृश्य दोरी धरून. पोरगी असताना त्या पट्टीतून ती अशीच उतरायची, गवताचा भारा घेऊन, आणि फाटकाशी आली की उजव्या कमरेने एक धक्का द्यायची. हात लावायची गरजच नसे. कमर लावली की कवाड पुढे पडे, ती निघून जाई, आणि मागे ते मिटल्याचा आवाज येई. तेवढ्यावरून कळे की घर आलं.

तिने कमरेने धक्का दिला. कवाड हललं नाही.

तिने पुन्हा दिला. टेकणावर लाकूड लाकडाला घट्ट बसलं. सणाचा रुमाल मागे घसरला आणि तिचे विरळ पांढरे केस दिसायला लागले. तिसऱ्यांदा तिने खांदाही लावला, सगळं अंग लावलं. सांदाने तोंड दुसरीकडे केलं. आमच्यातलेही बरेच जण पायाखालची फुलं बघत होते.

"तोआदेर," जाळीच्या पलीकडून ओदोकिया म्हणाली. धाप लागली होती तिला. "हे उलटं कसं झालं?"

सांदाही वळली. "तुमचे वडील इथे राखणदार होते ना, काका? हे टेकण कधी बदललं होतं का? या अंगाचं काढून त्या अंगाला? कारण तसं झालं असेल, तर सगळं उलटं वाचावं लागेल. तुम्ही म्हणालात तर मी तसं शोधते. खुणा राहतात."

तोआदेर टोपीच्या आतली शिवण बघत होता.

"फाटक उलटं होत नसतं," तो म्हणाला. "माणसं म्हातारी होतात. मला कळतं तेव्हापासून हे असंच आहे."

"झालं तर मग," सिमियोन म्हणाला, आणि कुणाकडेही न बघता त्याने समितीला खाली जायची खूण केली.

उतरताना सांदा ओदोकियाच्या बरोबरीने चालली. तिला काहीतरी बोलायचं होतं. शेवटी ती म्हणाली, "मावशी, मी लाकूड वाचते. लाकूड जे सांगतं तेवढंच मला लिहिता येतं."

"तू बरोबर वाचलंस गं," ओदोकिया म्हणाली. "तुझं काही चुकलं नाही." आणि तिने तिला घरी नेऊन चीज दिलं, फडक्यात बांधून, कारण पोरगी लांबून आली होती आणि सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती तोआदेरच्या अंगणात गेली. तो कौलं तासत नव्हता. कुऱ्हाड ओंडक्यात रुतलेली होती आणि तो कुऱ्हाडीकडेच बघत बसला होता, जसं काही ती आता स्वतःहून हलणार आहे.

"मला वाटलंच, तू येशील," तो म्हणाला. त्याने पेला काढला, भरला, तिच्यापुढे ठेवला.

"कोणी फिरवलं?"

"बापाने. आणि मी." तो सरळ बोलला, जणू रात्रभर तेच घोकत होता. "तू शहरात होतीस, त्या डॉक्टरीणबाईंकडे कामाला. तुझ्या बापाला पकडून नेलं त्याच वर्षी. सहकारीने खाली मका पेरला, वरच्या पट्ट्या एक केल्या आणि गुरं सोडली. बापाला म्हणाले, फाटक फिरव. मी बुडखा उचलून धरला, त्याने टेकण काढून खालच्या अंगाला ठोकलं. जुन्या भोकांत खुंट्या मारल्या आणि वरून चिखल चोळला, पाणी आत जाऊ नये म्हणून. चांगलं काम होतं. कालची ती बाई, एवढी हुशार, पण तिलाही दिसलं नाही."

"चांगलं काम होतं," ओदोकिया म्हणाली.

"बाप घरी आला आणि जेवला नाही. तुझ्या बापाच्या गव्हावर गाई चरत होत्या. कोवळा होता गहू. बाप म्हणाला, मी आयुष्यभर ज्यांना हाकललं त्यांनाच आज दार उघडून दिलं."

"मग आज दुपारी चल. त्या खुंट्या काढून दाखव. ती बाई अजून गावातच आहे, पाद्रीबाबांकडे."

"नाही."

"का नाही?"

"ओदोकिया," तो म्हणाला, आणि तिच्याकडे बघेना. "सिमियोन आला होता. माझ्या निकोआराला अतिथिगृहाचं सुतारकाम देणार आहे. मग तिथेच ठेवून घेणार, देखभालीला. पोरगा परत येतो म्हणाला. बायको, पोरगी, सगळे. माझी नात पळायला लागली, ओदोकिया, आणि मी तिला फक्त फोनच्या काचेत पळताना बघितलंय. काचेच्या कडेला गेली की दिसेनाशी होते."

"माझी वारवारा त्याच काचेत आहे."

"ठाऊक आहे मला."

"ठाऊक होतं आणि तरी पेला टेकवलास माझ्याबरोबर? सांगेन की, म्हणालास?"

"तेव्हा सिमियोन आला नव्हता."

अंगणात एक कोंबडी भुशात पाय मारत होती. ओदोकियाने तिला पायाने बाजूला सारलं. "तू खोटं बोललास हे मी समजू शकते," ती म्हणाली. "पोरासाठी बोललास. मी पण बोलले असते, देवाची शपथ, मी पण. पण 'माणसं म्हातारी होतात' हे कशाला म्हणालास? सगळ्यांसमोर? मी कमरेने ढकलत होते, तोआदेर. माझी कमर खोटं बोलत नव्हती."

तोआदेरने पेला तिच्या दिशेने जरा पुढे सरकवला.

तिने तो घेतला नाही. आमच्याकडे कुणाच्या अंगणात जाऊन भरलेला पेला न पिता उठणं, हे तोंडावर थुंकण्याहून मोठं असतं. थुंकलेलं पुसता येतं. ती उठली आणि गेली, आणि तोआदेर त्या पेल्याकडे बघत बसला, त्यात एक चिलट पडलं तरी.

ती सांदाकडे गेली नाही. काय सांगणार होती? दावा करणारी तीच, साक्षीदारही तीच. आणि खुंट्या शोधायला कुणी गेलं असतं तरी सिमियोनने विचारलं असतं, तोआदेर खोटा की ओदोकिया खोटी, आणि गाव एकाच सुरात बोललं असतं. प्रत्येक घरात कुणी ना कुणी काचेत होतं. प्रत्येकाला अतिथिगृहात काहीतरी मिळणार होतं, कुणाला स्वयंपाकघर, कुणाला धुणं, कुणाला राणीच्या गोष्टी सांगत पाहुण्यांना वर नेणं. कारण पाटी तशीच राहिली. सांदा काय म्हणाली ते सगळ्यांनी ऐकलं होतं, पण शहरातल्या पाहुण्यांना गाईपेक्षा राणी आवडते. समितीच्या कागदावर पेरणीचं फाटक, रस्त्यावर राणीचं. दोन्हीकडे ओदोकियाचं काही नव्हतं.

रविवारी देवळातून आल्यावर फोन वाजला. ओदोकिया रुमाल न सोडताच खुर्चीत बसली. काचेत वारवारा दिसली. केस ओले होते, मागे कुणाच्या तरी घरची पांढरी भिंत.

"आई! काय झालं मग? आली होती का ती बाई?"

"आली होती."

"कळलं का, कसलं फाटक आहे ते?"

"कळलं. पेरणीच्या रानाचं. गुरं आत येऊ नयेत म्हणून."

"म्हणजे तू म्हणत होतीस तेच!" वारवाराचा आवाज चढला, पण कसा चढला, ते ओदोकियाला नीट ऐकू आलं. जिना चढताना धाप लागते तसा. "मग? रान देणार?"

"नाही," ओदोकिया म्हणाली. "आपण गुरांच्या बाजूला निघालो."

काचेत वारवारा थांबली. जे झालं ते डोळ्यांच्या एका मिटण्याएवढंच होतं. तिचे खांदे, जे इतका वेळ कानांपर्यंत वर गेलेले होते, ते खाली आले. तोंडावर दुःख यायच्या आधी ते खाली आले. दुःखही आलं, खरं होतं ते, पण मागाहून आलं.

"अरेरे, आई," ती म्हणाली. "जाऊ दे. नको मनाला लावून घेऊस. किती वर्षं त्या रानाच्या मागे लागलीस. राहू दे आता."

"हो. राहू देते."

"आणि हे बघ, इथलं पण... मी तुला सांगणारच होते. या बाईंच्या मुलाने करार वाढवलाय. मी सही केली. तू काळजी करशील म्हणून बोलले नाही."

"कधी केलीस?"

"झाले थोडे दिवस." मग पटकन, "आधीच. ईस्टरच्या आधी."

ईस्टरच्या आधी, म्हणजे ओदोकियाने खिडकीला रंग दिला त्याच्याही आधी. "बरं केलंस," ती म्हणाली. "चांगली माणसं आहेत ना?"

"चांगली आहेत. म्हातारी जरा त्रास देते. जेवत नाही."

"कोमट करून दे. गरम असलं की म्हाताऱ्यांना तोंडात घेववत नाही आणि सांगताही येत नाही."

"हो का? बघते." वारवाराने डोळे पुसले, किंवा ओले केस मागे सारले. "तू जेवलीस का? आज काय केलंस?"

"मक्याच्या पिठाची मामालिगा," ओदोकिया म्हणाली. "चीज घालून. तुला आवडते तशी, घट्ट." चुलीवर काहीही नव्हतं.